घरात रेंज नाही: बूस्टरचे पैसे ग्राहकाने का भरायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातलं, टिपेश्वरच्या जंगलाकडचं गाव. नवीन स्लॅबचं घर, मागे टिनांचा गोठा. घरात शिरलं की रेंज जाते, गच्चीवर दोन काड्या दिसतात. आईबाबा दोघंच घरी, बाबांना बीपी, मुलगा पुण्यात नोकरीला. बँकेचा ओटीपी घ्यायला बाबांना जिना चढावा लागतो. कस्टमर केअरचं उत्तर एकच, "आपल्या भागात कव्हरेज उपलब्ध आहे." तालुक्याचा दुकानदार १८,००० रुपयांत बूस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारं यंत्र, बसवून द्यायला तयार आहे आणि त्याला २,००० इसार देऊन झालाय. मुलाचं म्हणणं, दर महिन्याचं रिचार्ज मी भरतो, मग रेंज घरात आणायचा खर्चही माझ्याच माथी का? आणि केला तर उपयोग होईल का?

मी बरीच वर्षं मोबाईल टॉवरच्या रेडिओची कामं केली आहेत, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाट या पट्ट्यात. आता नेटवर्किंगचं स्वतःचं लहानसं काम आहे. भाऊ, आधी सरळ सांगतो: बूस्टरला एक रुपयाही देऊ नका. पण "कंपनीनेच करायला पाहिजे" म्हणून हातावर हात धरूनही बसू नका, कारण तोवर बाबांचा जिना काही सुटणार नाही. यात थोडा खर्च तुमचा आहे आणि मोठा कंपनीचा. कुठला कोणाचा, ते बरंचसं तुमच्या अंगणात उभं राहूनच कळतं.

त्यासाठी फोनमधला आकडा बघायचा. काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नल स्ट्रेंग्थपुढे उणे चिन्हाचा एक आकडा असतो, शेवटी डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक, लिहिलेलं. उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी. ४जीवर असताना −९० च्या आसपास असेल तर मजेत. −१०५ पर्यंत काम चालतं. −११५ च्या खाली गेला की कॉल लागणं नशिबावर. हा आकडा तीनने घसरला की सिग्नल निम्मा होतो आणि दहाने घसरला की एक दशांश. म्हणजे अंगणात −९५ आणि आतल्या खोलीत −११५ असेल तर दारातून आत येईपर्यंत शंभरातला एक भाग उरला. अंगणात, गच्चीवर, आतल्या खोलीत आणि शेजाऱ्याच्या घरात, अशा चार जागी दोन-दोन मिनिटं थांबून आकडे कागदावर लिहून घ्या.

अंगणात चांगला आणि आत वाईट, तर टॉवर आपलं काम करतोय आणि घर सिग्नल खातंय. स्लॅबमधलं लोखंड आणि मागच्या गोठ्याच्या टिना, दोन्ही रेडिओ लहरींना आडवे येतात. टॉवर नेमका गोठ्याच्या दिशेला असेल तर विचारायलाच नको. कवेलूच्या घरात ही कटकट नव्हती असं जुनी माणसं म्हणतात, ते खोटं नाही. कवेलूतून सिग्नल बऱ्यापैकी आत येतो. पण अंगणातच −११२, −११५ असेल तर दोष घराचा नाही, रेंजच गावापर्यंत पोचत नाही. अशा वेळी बूस्टरही काही कामाचा नसतो, हे दुकानदार सांगत नाही. बूस्टर सिग्नल तयार करत नाही, बाहेर जो आहे तोच मोठा करून आत सोडतो. बाहेर गोंगाटच, म्हणजे नको असलेल्या रेडिओ लहरींची भेसळच, जास्त असेल तर गोंगाटच मोठा होतो. मग काड्या पाच दिसतात आणि कॉल तरीही लागत नाही.

तुमच्या वर्णनावरून प्रकरण अधलंमधलं वाटतं, गच्चीवर जेमतेम आणि आत काहीच नाही. अशा ठिकाणी कोणत्या कंपनीचं सिम आहे यानेही फार फरक पडतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी घुसतात. १८०० आणि २३०० वाल्या लवकर दम तोडतात. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएलचं २जी अजून चालू आहे. जिओचं जाळं ४जी-५जीचंच. म्हणून कधीकधी नुसतं साध्या बटणाच्या फोनमध्ये २जी चालणारं सिम टाकून तो खिडकीत ठेवला तरी घरात कॉल आणि ओटीपी दोन्ही येऊ लागतात. शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम तासभर मागून बघायला पैसे लागत नाहीत. चांगलं निघालं तर १९०० वर मेसेज पाठवून नंबर पोर्ट करून टाका. निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो आणि मग माझ्याकडे गिऱ्हाईक येत नाही, ते असो.

एक सूचना जंगलकाठच्या गावांसाठी. आकडे एप्रिलमध्ये घेतले असतील तर श्रावणात पुन्हा घ्या. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. पावसाळ्यात तोच पान धरतो, वर ते ओलं, आणि टॉवरच्या वाटेत किलोमीटरभर सागवान असेल तर सिग्नल चांगलाच पडतो. उन्हाळ्यात बसवलेलं यंत्र पावसाळ्यात चालेना झालं, म्हणून लोक यंत्राला शिव्या देतात.

आता बूस्टर नको का म्हणतो ते. पहिलं कारण कायद्याचं. मोबाईलच्या सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर जवळ ठेवणं, विकणं आणि वापरणं, तिन्ही गोष्टी परवानाधारक दूरसंचार कंपनीखेरीज कोणालाही बेकायदा आहेत, असं दूरसंचार खात्याने जुलै २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केलं. त्याआधीही १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा होताच, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. दुकानात खुलेआम मिळतो म्हणजे चालतो, असं समजू नका. डब्यावर 'सीई' छापलेलं दाखवतील. ती युरोपातली खूण आहे, तिचा आपल्याकडच्या परवानगीशी संबंध नाही. यूट्यूबवर गोरे लोक बूस्टर बसवताना दिसतात ते खरं आहे, पण तिकडे नियम वेगळे. अमेरिकेत २०१४ पासून घरगुती बूस्टर चालतो, तोही तिथल्या दूरसंचार आयोगाने प्रमाणित केलेला, गडबड झाली की आपोआप ताकद कमी करणारा किंवा बंद पडणारा, आणि आपल्या मोबाईल कंपनीकडे नोंदवूनच. आपल्या बाजारात जे डबे येतात त्यांच्यात ही अक्कल बहुतेक नसते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बूस्टरचा त्रास शेजारच्या गावाला होतो. एकदा चार गावांच्या तक्रारी एकदम सुरू झाल्या: काड्या भरलेल्या, पण कॉल लागत नाही, लागला तर समोरच्याला आपला आवाज तुटक जातो. टॉवर ठीक, बॅटऱ्या ठीक, लिंक ठीक. टॉवरच्या एका बाजूच्या अपलिंकमध्ये मात्र, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या वाटेवर, गोंगाट दिसत होता. नेहमी −११५ च्या आसपास असणारा आकडा −१०० च्याही वर गेलेला. तासातासाचा आलेख काढला तर रोज ठरावीक वेळी गोंगाट साफ नाहीसा व्हायचा. ती वेळ लोडशेडिंगची. टॉवर बॅटरीवर चालू, गोंगाट करणारं यंत्र मात्र लाईटीबरोबर बंद! मग त्या वेळी कोणत्या फीडरवरची लाईट जाते एवढंच शोधायचं उरलं. दिशा दाखवणारी अँटेना हातात धरून फिरत आम्ही पोचलो एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर. बूस्टरची बाहेरची अँटेना वर आणि आतली बरोबर तिच्या खाली, मध्ये फक्त एक स्लॅब. लग्नाच्या मांडवात माइक भोंग्यासमोर धरला की जशी शिटी वाजते तशी ती दोन अँटेनांमध्ये रेडिओची शिटी वाजत होती, चोवीस तास. मालक म्हणाला, "पण साहेब, आमच्याकडं तर रेंज फुल आहे." होतीच. चार गावांची घालवून त्याच्या हॉलमध्ये फुल होती.

तुमच्या घरात हे होणारच असं नाही. अँटेनांमध्ये पुरेसं अंतर ठेवून, ताकद कमी ठेवून नीट बसवणारे लोक आहेत. पण १८,००० त बसवून देणारा माणूस ते मोजत नाही, त्याच्याकडे मोजायचं यंत्रच नसतं. आणि सापडलं तर डबा जप्त तुमच्या घरातून होतो, त्याच्या दुकानातून नाही.

मग पैसे कशावर घालायचे? घरात इंटरनेट आणा आणि कॉल त्यावरून करा. वायफाय कॉलिंग एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलं, जिओने लगेच २०२० च्या जानेवारीत, व्हीकडेही आहे. जास्तीचे पैसे लागत नाहीत, फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं असतं. वायफाय कोणाचंही चालतं, सिमवाल्याच कंपनीचं पाहिजे असं काही नाही. मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत काम होतं. फोनमध्ये ही सोय आहे ना ते आधी बघा. बटणाच्या फोनमध्ये बहुधा नसते. ओटीपीचे मेसेजही बहुतेक फोनवर वायफायवरून येतात, तरी बाबांच्या फोनवर एकदा बँकेचा ओटीपी मागवून खात्री करून घ्या. आणि बाबांना सांगून ठेवा, बोलत बोलत अंगणात गेलात तर कॉल तुटू शकतो.

इंटरनेट कुठून आणायचं हे गावावर आहे. ग्रामपंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर आली असेल किंवा केबलवाल्याची लाईन गावात असेल तर डोळे झाकून तीच घ्या. फायबर घेतलीत तर आणखी एक फायदा आहे, जो लोक विसरतात: फायबरच्या डब्याला मागे बहुधा लँडलाइनचं भोक असतं. शंभर मीटरवरून ऐकू जाईल अशा घंटीचा जुना फोन त्याला जोडा. बीपीच्या माणसाला रात्री अंधारात स्मार्टफोनचं कुलूप उघडत बसण्यापेक्षा रिसीव्हर उचलणं सोपं. मी माझ्या ओळखीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी आधी हेच करतो.

फायबर नसेल तर गच्चीवरच्या त्या दोन काड्या कामी आणायच्या. इथे लोक नेमकं उलट करतात. गच्चीवर अँटेना लावतात आणि तिची केबल खाली खोलीतल्या राउटरपर्यंत ओढतात. त्या बारीक काळ्या केबलमध्येच दहा मीटरला निम्म्याहून जास्त सिग्नल मरतो, म्हणजे अँटेनाने कमावलेलं केबलने खाल्लं. सिमवालं राउटरच गच्चीवर न्या. उघड्यावर चालणारं, पाणी न शिरणारं राउटर मिळतं. ते जिन्याच्या टोपीच्या बाजूला, टॉवरकडे तोंड करून बसवा आणि खाली आणा नुसती लॅनची वायर. त्या वायरमध्ये शंभर मीटरपर्यंत काही कमी होत नाही, आणि राउटरला लागणारी वीजही त्याच वायरमधून वर जाते. खाली साधं वायफायचं डबडं. हा सगळा प्रकार बूस्टरच्या निम्म्या खर्चात बसायला हरकत नाही, आणि कायद्याच्या नजरेत तो एक मोठा फोनच आहे, टॉवरशी फोनसारखाच बोलतो. फक्त आपल्याकडचं ऊन लक्षात ठेवा. ४५ अंशांत काळ्या पेटीतलं राउटर तापून बंद पडतं. वर टिनेचा तुकडा सावलीला लावायचा, पण टॉवरच्या बाजूला नाही. ढग दाटून आले की, वीज कडाडायच्या आधीच, वरून येणारी वायर खालच्या टोकाला काढून ठेवायची सवय आईबाबांना लावा. आणि लाईट गेल्यावर राउटर बंद पडलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून राउटरचा छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजारात मिळतो. हा खर्च टाळू नका, आपल्याकडे तरी नाही.

आता तुमचा मूळ मुद्दा, पैसे कोणी भरायचे. माझा हिशेब असा आहे. ज्या लहरींवर तुमचा फोन चालतो त्या कंपनीने लिलावात घेतल्या आहेत. त्यांवर बोलणारं यंत्र कुठे बसेल, किती ताकदीचं असेल, हे ठरवायचा हक्क तिचा. हक्क तिचा, तर खर्चही तिचाच. म्हणून टॉवर, रिपीटर, अँटेनाची दिशा, बॅटऱ्या यांतलं काहीही ग्राहकाच्या खिशातून व्हायला नको. घरातलं इंटरनेट, वायर, राउटर तुमच्या मालकीचं, ते उद्या दुसऱ्या कंपनीलाही चालेल. तो खर्च तुमचा म्हणायला मला अडचण वाटत नाही.

अमेरिकेत हे भांडण होऊन गेलं आहे. एटी अँड टीने २०१० मध्ये 'मायक्रोसेल' नावाचा डबा सुमारे १५० डॉलरला विकायला काढला. तो घरच्या इंटरनेटला जोडला की घरापुरता लहानसा टॉवर तयार. लोक म्हणाले, इंटरनेट आमचं, वीज आमची, तुमच्या टॉवरवरचा भार आम्ही कमी करणार, आणि डब्याचे पैसेही आम्हीच देणार? वर त्यावरून बोललेली मिनिटं साध्या प्लॅनमधून कापली जायची. मला तेव्हाही लोकांचं म्हणणं बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. असा डबा कंपनीने द्यायचा तर फुकट द्यावा. वायफाय कॉलिंगमध्ये कंपनीचा भार तुम्ही उचलता हे खरंच आहे, पण निदान डबा विकत घ्यावा लागत नाही.

आणि आपल्याकडे तर ग्राहकाने आधीच पैसे भरलेले आहेत. कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे, म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या कमाईचे, ५ टक्के गावखेड्यांत सेवा पोचवण्याच्या निधीत जातात. पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी. तो पैसा शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच निघतो. गडचिरोलीसारख्या भागातले टॉवर याच निधीतून उभे राहिले आणि जुलै २०२२ मध्ये मंजूर झालेली २४,६८० गावांची ४जी योजनाही याच निधीची.

कंपनीची बाजूही सांगतो, कारण मी ती टेबलापलीकडून पाहिली आहे. परवान्यातली कव्हरेजची तपासणी रस्त्यावर गाडी फिरवून होते, तुमच्या स्वयंपाकघरात नाही. त्यामुळे "भागात कव्हरेज आहे" हे उत्तर कागदावर खोटं नसतं. शिवाय अभयारण्याला लागून टॉवर उभारायचा तर वनखात्याच्या परवानगीत वर्षं जातात. एका घरासाठी कोणीही टॉवर देणार नाही, आणि ते मागूही नये.

पण सगळं अंगण, सगळी गल्ली −११२ वर असेल तर मागायलाच पाहिजे, आणि नीट मागायला पाहिजे. "नेटवर्क नाही" अशी तक्रार आली की कॉल सेंटर ती बंद करून टाकतं. आमच्या टेबलावर तीच तक्रार टिकायची जिच्यात गुगल मॅपवरचं ठिकाण, वेळ, डीबीएमचा आकडा आणि "घराबाहेर उभं राहून घेतला" हे वाक्य असायचं. अशा दहा-बारा घरांच्या तक्रारी एका आठवड्यात आल्या की नकाशावर ठिपक्यांचा गोळा दिसतो आणि वरचा साहेब विचारतो, इथे काय झालंय? पुष्कळदा टॉवर नवा लागतच नाही. एक अँटेना थोडी वर उचलायची असते, दिशा फिरवायची असते, लाईट गेल्यावर तासाभरात मरणाऱ्या बॅटऱ्या बदलायच्या असतात. ते काम एका दिवसाचं असतं.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यात तुमचं गाव रंगवलेलं असेल आणि अंगणातला आकडा वेगळंच सांगत असेल, तर दोन्हींचे फोटो तक्रारीला जोडा. १९८ वर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं, आणि सेवेसाठी भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. फक्त घराच्या आतल्या रेंजवर तिथे फार जोर धरू नका, बाहेरच्या आकड्यांवर धरा. आणि टॉवरच हवा असेल तर ग्रामसभेचा ठराव करून, गावठाणातली जागा दाखवून तो खासदारांमार्फत डिजिटल भारत निधीकडे पाठवा. जागेचा वाद नसलेलं गाव यादीत लवकर वर सरकतं.

राहिला इसार. दुकानदाराकडे जाऊन शांतपणे दोन गोष्टी मागा: जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर 'मोबाईल सिग्नल बूस्टर' असं लिहिलेलं, आणि हे यंत्र खाजगी घरात लावायला परवानगी असल्याचा दूरसंचार खात्याचा कागद. दुसरा त्याच्याकडे नाही, आणि पहिला तो लिहून देणार नाही. मग भांडण न करता म्हणा, २,००० परत नको, त्यात गच्चीवरचं राउटर आणि लॅनची वायर द्या, वरचा फरक मी भरतो. त्याचंही गिऱ्हाईक राहतं. राउटर घेण्याआधी मात्र ज्या सिमचा गच्चीवरचा आकडा सगळ्यात चांगला आला, तेच सिम त्यात टाकायचं, घरात आधीपासून पडून आहे ते नाही.